दम्याच्या मुलाला बसवू नका, सरावाची वेळ बदला

हिवाळा आला की ठाण्यातील शाळांमध्ये वार्षिक क्रीडा स्पर्धांची तयारी सुरू होते आणि आमच्या मुलाच्या शाळेत हा सराव सकाळी सात वाजता, प्रार्थनेच्याही आधी, घेतला जातो. मुलगा पाचवीत आहे, त्याला दमा आहे आणि आम्ही घोडबंदर रस्त्याला लागूनच राहतो. त्यामुळे या वेळेविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची गार हवा वर न चढता खालीच साचून राहते आणि रात्रभर धावणाऱ्या अवजड ट्रकांचा धूर व बांधकामांची धूळ त्याच थरात कोंडून राहते. ऊन चढल्यावर हा थर विरतो, दुपारी वारा सुटतो आणि हवा बरीच मोकळी होते. म्हणजे ज्या प्रहराचे आपण पिढ्यान्‌पिढ्या गोडवे गात आलो, तोच या दिवसांत बहुधा श्वासाला सर्वांत जड असतो. त्यातच धावताना मूल तोंडाने श्वास घेते, नाकाची गाळणी वगळली जाते आणि सूक्ष्म कण आधीच सुजलेल्या श्वासनलिकांपर्यंत थेट पोहोचतात.

शाळेचे यावरचे उत्तर असते, “मग त्याला बाजूला बसवतो.” माझा आक्षेप याच उत्तराला आहे. दमा आटोक्यात असलेल्या मुलाने इतरांसारखेच खेळले पाहिजे, असे डॉक्टर वारंवार सांगतात. सराव साडेदहाला घेतला, तर कोणालाच बसवावे लागणार नाही आणि ज्यांना दमा नाही त्यांच्याही फुफ्फुसांचे भलेच होईल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक पाहता येतो. १०१ ते २०० हा पट्टा ‘मध्यम’ गणला जातो, परंतु त्या पट्ट्यातही दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो, असे मंडळच सांगते. क्रीडाशिक्षकांनी मैदानावर जाण्यापूर्वी तो आकडा पाहावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे. मोठ्यांचा एन-९५ मास्क लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही, कडेने हवा आत येतेच. त्यामुळे त्याच्या भरवशावर मुलाला धावायला पाठवण्यात अर्थ नाही.

घरची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रतिबंधक इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावा लागतो, मूल ठणठणीत दिसत असतानाही. कारण तो श्वासनलिकांची सूज हळूहळू कमी करतो. “पंपाची सवय लागेल” ही धास्ती आमच्या नातेवाइकांत अजून आहे, पण इनहेलरमधून जाणारा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि गोळी किंवा सिरपपेक्षा कितीतरी कमी असतो. स्पेसर (इनहेलरला जोडायचे प्लॅस्टिकचे नळकांडे, ज्यातून मूल औषध ओढून घेते) मात्र धुतल्यावर फडक्याने पुसू नये, तसाच निथळू द्यावा. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते. आमच्याकडे तो रविवारी भांड्यांच्या जाळीत उपडा असतो आणि कोणी कौतुकाने पुसून ठेवू नये म्हणून त्यावर लक्ष ठेवावे लागते!

आराम देणारा इनहेलर शाळेत कुलूपबंद कपाटात नसावा, सरावाच्या वेळी मैदानावर शिक्षकांच्या हाताशी असावा आणि धाप लागल्यास काय करायचे याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद त्यासोबत असावा. येत्या पालकसभेत मी वेळेची आणि इनहेलरची, अशा दोन्ही मागण्या लेखी देणार आहे. ज्यांची मुले याच शाळेत आहेत, त्यांनी सही करण्यासाठी सभेच्या थोडे आधी यावे.