एडीएचडीच्या गोळ्या आणि ‘ब्रेन ट्रेनिंग’: फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडील पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतो आहे : एडीएचडीच्या (लक्ष न टिकणे व अतिचंचलता या विकाराच्या) गोळ्यांची मुलांना सवय लागते, त्याऐवजी ‘ब्रेन ट्रेनिंग’ने हा त्रास कायमचा बरा होतो. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

ब्रेन ट्रेनिंगमधील न्यूरोफीडबॅक या प्रकारात डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवतात आणि मूल लक्ष एकवटून पडद्यावरचे चित्र हलवायला शिकते. उपचार चालू आहेत हे ज्यांना ठाऊक असते त्या पालकांना फरक जाणवतो. परंतु कोणाला खरा उपचार मिळाला हे ज्यांना माहीत नसते, त्यांच्या नोंदींत तो जवळजवळ दिसत नाही, असे ‘जामा सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकातील ३८ चाचण्यांच्या आढाव्यातून स्पष्ट झाले आहे. महागड्या पॅकेजसाठी उसनवारी करणाऱ्या घरांना हे आधीच सांगितले जायला हवे.

याउलट, ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१८ मधील विश्लेषणात मुलांसाठी अल्पकालीन उपचारात मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाला पहिली पसंती दिली आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत ते घेतल्यास व्यसन लागण्याची भीती फारच कमी असते. मात्र भूक मंदावते, झोप उशिरा लागते. दुपारचा डबा भाकरीसकट तसाच परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी द्यावी आणि वजन, उंची व रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावा. गोळीनेही विकार कायमचा जात नाही, लक्षणे आटोक्यात राहतात. संदेश वाचून चालू गोळी परस्पर बंद करू नये. शंका असल्यास ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.