ॲमेझॉन, 20 टक्के ऑक्सिजन आणि अर्धवट वाचलेला हिशेब

‘ॲमेझॉनचं जंगल म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं. जगातला 20 टक्के ऑक्सिजन तिथून येतो. ते जळालं तर आपला श्वास कोंडेल.’ तिकडे वणवा पेटला की हा मजकूर हमखास फिरायला लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनीही फुप्फुसं आणि 20 टक्के ही जोडी जशीच्या तशी वापरली होती. कळकळ खरी आहे, पण तीनपैकी एकही वाक्य टिकत नाही.

आधी ते 20 टक्के. जमिनीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण 16 टक्के ॲमेझॉनमध्ये होतं. समुद्रातले वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, धरले की हा वाटा 9 टक्क्यांच्या आसपास उतरतो. आकडा फुगलेला आहेच. पण मोठी चूक पुढे आहे. वहीतली फक्त जमेची बाजू वाचली आणि खर्चाचं पान उलटलंच नाही.

झाड दिवसा ऑक्सिजन सोडतं हे सगळ्यांना पाठ असतं. ते चोवीस तास श्वसनही करतं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. तयार केलेल्या अन्नातलं निम्म्याहून थोडं अधिक झाड स्वतःच वापरतं आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन परत घेतं. उरतं ते निव्वळ प्राथमिक उत्पादन, म्हणजे पानं, लाकूड, मुळं, फळं. इथे थांबलं तर ऑक्सिजन शिल्लक दिसतो. पण पानं गळतात, खोडं कोसळतात आणि बुरशी, जिवाणू, वाळवी त्यांच्यावर तुटून पडतात. पान बनताना जेवढा ऑक्सिजन सुटला होता, जवळपास तेवढाच ते पूर्ण कुजताना खर्च होतो. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या जंगलाचा ऑक्सिजनचा ताळेबंद शून्याच्या आसपास येतो. परीक्षेत या विघटकांवर, म्हणजे कुजवणाऱ्या जीवांवर, दोन ओळी लिहून पुढच्या प्रश्नाकडे पळणाऱ्यांनी इथे जरा रेंगाळावं. ॲमेझॉनची ‘शिल्लक’ मुख्यतः या विघटकांनीच संपवलेली असते.

फुप्फुसांबद्दल फार लिहायला नको. ती ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. उपमा मुळातच उलटी आहे.

‘ऑक्सिजन जंगल नाही, समुद्र देतो’ अशी दुरुस्ती करणारेही भेटतात. तीही तीच चूक, फक्त खारट पाण्यातली. प्लवकांना खाणारे आणि कुजवणारे समुद्रातच असतात. मग हवेतला 20.95 टक्के ऑक्सिजन आला कुठून? मेलेल्या जीवांचा अगदी थोडा भाग कुजण्याआधीच गाळात गाडला जातो. तो कुजला नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन हवेत राहिला. कोट्यवधी वर्षांची ही बचत आहे, यंदाची कमाई नव्हे.

आता श्वास कोंडण्याचं बघू. गणित सोपं आहे, स्वतः करून पाहावं. वातावरणात सुमारे 12 लाख अब्ज टन ऑक्सिजन आहे. ॲमेझॉनच्या झाडांत आणि मातीत मिळून 150 ते 200 अब्ज टन कार्बन आहे. त्यातला 200 अब्ज टनांचा आकडा घेऊ आणि तो सगळा जळाला असं मानू. 12 टन कार्बन जळायला 32 टन ऑक्सिजन लागतो; म्हणजे खर्च साधारण 530 अब्ज टन. हवेतला ऑक्सिजन 20.95 वरून 20.94 टक्क्यांवर येईल. कुणाला धापसुद्धा लागणार नाही.

याच आगीचा दुसरा आकडा मात्र झोप उडवणारा आहे. हवेत आज कार्बन डायऑक्साइडच्या रूपात जेमतेम 900 अब्ज टन कार्बन आहे. समुद्राने आणि उरलेल्या वनस्पतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं, तर त्यात 200 अब्ज टनांची भर म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक वाढ. एकाच काडीने पेटलेली आग ऑक्सिजनच्या साठ्याला ओरखडाही काढत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचा साठा मात्र भसकन वाढवते, कारण तो साठा मुळातच लहान आहे. घाबरायचंच असेल तर इथे घाबरावं. पण फिरणाऱ्या मजकुरात या साठ्याचा उल्लेखही नसतो.

पावसाचाही नसतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेयास सालाती यांनी 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्यातले समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, तपासले. अटलांटिकवरून आलेली वाफ जंगलावर एकदा बरसून संपत नाही, हे त्यांतून दिसलं. झाडं ते पाणी मुळांनी ओढतात, पानांतून बाष्पोत्सर्जनाने परत हवेत सोडतात आणि वारा ती वाफ पश्चिमेला नेऊन पुन्हा पाऊस पाडतो. तिथला जवळपास निम्मा पाऊस असा फिरून आलेला असतो. म्हणून पूर्वेची झाडं तोडली की पश्चिमेचं न तोडलेलं जंगलही कोरडं पडू लागतं, आणि कोरडं जंगल सहज पेट घेतं.