रेमेडियलची मुलं ‘बिनडोक’? त्या मेसेजला उत्तर

बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: कॉलेजात गणिताच्या रेमेडियलला, म्हणजे मागे पडलेल्यांच्या जादा तासाला, बसणाऱ्यांना भीतीबिती काही नसते, डोकंच नसतं, त्यात मराठी शाळेतली पोरं मुळातच कच्ची, घड्याळ लावून रोज गणितं घोटून घ्या, सरळ होतील. मी हेच तास घेतो, म्हणून लिहितोय.

आधी डोक्याचं. १९९० साली रे हेम्ब्री या संशोधकानं गणिताच्या भीतीवरचे १५१ अभ्यास एकत्र तपासले. भीतीचा बुद्ध्यांकाशी संबंध अगदीच सैल निघाला. उलट भीती कमी केल्यावर गुण वाढलेले दिसले.

मग भीती करते काय? २००१ साली ॲशक्राफ्ट आणि कर्क या संशोधकांनी कॉलेजच्याच मुलांना काही अक्षरं लक्षात ठेवून बेरजा करायला लावल्या. अक्षरं जास्त आणि बेरीज हातच्याची, की गणिताला भिणाऱ्यांच्या चुका इतरांपेक्षा बऱ्याच वाढत. हातचा जिथे धरायचा, ती जागा काळजीनं आधीच अडवलेली! आमच्याकडे फळ्यापाशी उभा केलेला मुलगा १/२ + १/३ = २/५ लिहितो आणि खाली बघतो. त्यालाच तास सुटल्यावर एकट्याला विचारा, “अर्ध्यात भर घातलीस, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं रे?” तो हसतो, स्वतःच लसावि काढतो आणि ५/६ लिहितो. मघाशी याचं डोकं कुठं गेलं होतं?

मराठी माध्यमाचं म्हणाल, तर ते २/५ बैलहोंगलची कन्नड शाळेतली मुलंही लिहितात आणि शहरातली कॉन्व्हेंटचीही.

राहिलं घड्याळ. सराव हवाच, त्यात वाद नाही. पाया खरंच कच्चा असतो. नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हणून अपूर्णांक येत नाहीत. कच्चेपणातून भीती, भीतीतून टाळाटाळ, त्यातून आणखी कच्चेपणा, असं ते चालतं. पण सराव सुरू करायचा सुटलेल्या अपूर्णांकांपासून, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोर्शनपासून नव्हे, आणि घड्याळ न लावता. वेळेचा धाक म्हणजे त्याच अडलेल्या जागेत आणखी एक ओझं.

तसंही रेमेडियलचा तास दिवसाच्या शेवटी असतो आणि खानापूरच्या मुलांचा अर्धा जीव बसमध्ये अडकलेला असतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्या पालकांनी कॉलेजात जाऊन तो तास दुपारी घ्यायला सांगितलं, तर जास्त उपयोग होईल.