प्लेटलेट १८० की १ लाख ८० हजार?

डेंग्यूची साथ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचे फोटो पडायला लागतात. परवा मावसभावाने पोरीचा रिपोर्ट टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "प्लेटलेट फक्त १८०!!" झालं. कुणी पपईच्या पानांचा रस सांगतंय, कुणी किवी, कुणी रक्तपेढीचे नंबर पाठवतंय, मावशी तर देव पाण्यात घालून बसली. आणि त्या ठळक १८० च्या शेजारी, भिंग घेऊन बघावं लागेल अशा फिकट अक्षरांत छापलेलं होतं: दहाचा तिसरा घात प्रति मायक्रोलिटर. म्हणजे १ लाख ८० हजार. म्हणजे नॉर्मल! दीड ते साडेचार लाखांत कितीही असल्या तरी चालतात.

त्याच पोरीचा आधीचा, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट म्हणतो "१.९० लाख प्रति घन मिलिमीटर". घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर एकच, बरं का. पण ते घरच्यांनी कुठून ओळखायचं? तिसरीकडे गेलात तर तिथे दहाचा नववा घात प्रति लिटर लिहितात, आणि आकडा पुन्हा १८०. अरे काय लावलंय काय? मशिनमधून जे बाहेर पडेल ते तसंच्या तसं छापायचं आणि माणसाच्या हातात कोंबायचं. फोन केला तर काउंटरवरची ताई म्हणते, "शेजारची रेंज बघा ना." तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन रेंज बघतो, थांबा.

ड जीवनसत्त्वाचीही तीच रड. मागच्या रिपोर्टला ७५, यंदा ३०. आईने धसकाच घेतला, म्हणाली हाडं गेली माझी. मागचं होतं नॅनोमोल प्रति लिटर, यंदाचं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. दोन्ही जवळजवळ तंतोतंत एकच! हाडं जागच्या जागी आहेत, फक्त लॅब बदलली.

यावर शहाणे लोक म्हणतात, "शाळेत शिकला नाहीत का?" शिकलो की. किमी, हेमी, डेकामी, मी, डेसिमी, सेमी, मिमी. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन. आता मला सांगा, दुकानात जाऊन "एक डेकामीटर कापड फाडा" असं आजवर कुणी म्हटलंय? हेक्टो बिचारा सातबाऱ्यावर तेवढा जिवंत आहे, हेक्टर म्हणजे १०० आर म्हणून. तिथेही माणसं बोलतात गुंठ्यातच, कारण गुंठा आणि आर यांत जेमतेम सव्वा चौरस मीटरचा फरक. भाचीच्या वहीत अजूनही "३ हेमी ४ डेकामी म्हणजे किती डेसिमी?" चालू आहे. तिने ३४०० लिहिलं, लाल पेनाने बरोबरची खूण मिळाली. आजीच्या गोळीच्या पाकिटावरचं एमसीजी म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, "ते आम्हाला नाहीये."

नाहीयेच! ज्या मायक्रो-नॅनोशी रोज गाठ पडते ते पुढे कधीतरी फिजिक्सच्या एका तक्त्यात येतात. घोका, मार्क घ्या, विसरा. कॉमर्सला गेलेल्याला तर ते पुन्हा भेटतही नाहीत. आणि लक्षात राहत नाहीत त्याला कारण आहे. शाळेतली शिडी पायरीला दहापट अशी चढते-उतरते. मिलीच्या खाली उतरलात की एकेक पायरी हजारपट! मिली, मायक्रो, नॅनो, पिको. पायरी इथून बदलते हे कुणी ओरडून सांगतच नाही. वरच्या बाजूला आणखी गंमत. आपण हजारानंतर शंभराच्या पटीत चढतो, लाख, मग कोटी. मेट्रिकचे उपसर्ग मात्र हजाराच्याच पटीत. म्हणून मेगा दहा लाख, गिगा शंभर कोटी आणि टेरा एक लाख कोटी. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं असतं तर बिघडलं असतं का?

चिन्हं तर विचारूच नका. स्मॉल एम म्हणजे मिली, कॅपिटल एम म्हणजे मेगा, दोघांत फरक शंभर कोटी पटीचा. मायक्रोला एम उरलाच नाही, म्हणून ग्रीक म्यू आणला. तो हाताने लिहिला की एमसारखा दिसतो आणि डोस हजारपट वाचला जाऊ शकतो, म्हणून औषधांवर मायक्रोग्रॅमला एमसीजी लिहा असं ठरलं. आता ते एमसीजीच लोक एमजी वाचतात! थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी अर्ध्या सोसायटीत "पन्नास एमजी" आहे. वर कुठल्यातरी बिलावर कॅपिटल एम, स्मॉल जी छापलेलं असतं. नियमाने तो मेगाग्रॅम झाला, म्हणजे एक टन. डोकेदुखीला पाचशे टन.

यातला काही घोळ मुद्दाम घातलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. पॉवर बँकवर १०,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, लिहितात. सरळ १० एएच लिहा ना! इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० एएच लिहिता तसं. पण दहा म्हटलं की कोण घेणार? बी-१२ ची १,५०० एमसीजीची गोळी म्हणजे दीड मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्वाचा ६०,००० युनिटचा डोस, तोही दीड मिलिग्रॅमच. साठ हजार ऐकून आई आठवडाभर घाबरून होती.

आणि तिकडे २०२२ साली मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आणखी चार उपसर्ग आणले. रोना, क्वेटा, रोंटो, क्वेक्टो. पृथ्वीचं वस्तुमान आता साधारण सहा रोनाग्रॅम म्हणता येतं. घ्या, सोय झाली!

मला रोना नको, क्वेटाही नको. गोळीच्या पाकिटावर मायक्रोग्रॅम पूर्ण लिहा. रिपोर्टमध्ये लाखात मोजायचं तर सगळ्यांनी लाखात मोजा, आणि एकक आकड्याएवढ्याच ठळक अक्षरांत छापा. जागा नाही म्हणू नका. शेवटच्या पानावर फुल बॉडी चेकअपची अर्धं पान जाहिरात आहे, ती काढा.