तुपाची धार

पुण्याची पुतणी थंडीत आठवडाभर जळगावला राहायला येणार म्हणून मी खुशीत होते. निघायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "काकू, मी आता व्हीगन आहे हं. दूध, दही, तूप, ताक, मध, काही चालत नाही. पण तू वेगळं काही करू नकोस." हे शेवटचं वाक्य ऐकलं की बाईमाणसाच्या पोटात गोळा येतो.

मोबाइलवर पाहिलं तर बदामाचं दूध, काजूचं चीज आणि टोफू. वाण्याकडे टोफू मागितला, त्यानं टॉफीची बरणी पुढे केली.

मग डोकं शांत ठेवून आपल्याच स्वयंपाकाकडे बघितलं. शेवभाजीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला आणि वरून तिखट शेव. डुबुकवडे म्हणजे बेसन थेट उकळत्या रश्श्यात. पातोड्याही बेसनाच्याच. दुधाचा थेंब कुठे नाही, तेल मात्र वरपर्यंत. कळण्याची भाकरी तर आहारतज्ज्ञांच्या वरताण. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांतला घटक कमी, तो उडीद भरून काढतात. आमच्या आजेसासूबाईंना लायसीन ठाऊक नव्हतं, चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद एवढंच ठाऊक होतं.

आणि भरीत! आमच्या भरताच्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण जळगावकर त्याआधीही तेवढाच माजात होता. हिरवी, पांढुरकी, मोठाली, कमी बियांची वांगी. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात टाकली की साल करपून तडकते, रस सुटून फसफसतो. देठ धरून सोलताना बोटं पोळतात, म्हणून हे काम घरातल्या जावयाला द्यावं. मग लाकडी बडगीत भाजलेल्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचायचं. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप तळून घ्यायचे आणि वर कांद्याची पात. पुतणीनं पहिला घास घेतला, नाक-डोळे वाहायला लागले.

"काकू, हे व्हीगन आहे?"

"हे भरीत आहे. खा."

तेव्हा स्वयंपाकाची अडचण नव्हतीच. अडचण होती वाढण्याची. आमच्याकडे तूप हा पदार्थ नाही, ती माया आहे, आणि ती न विचारता वाढतात. पुतणीच्या वरणभातावर सासूबाईंचा हात तुपाची वाटी घेऊन घिरट्या घालायचा. मी तूप फडताळात लपवलं, तर त्या मलाच म्हणाल्या, "पोरीले वाटीन, काकूनं हात आखडला!"

पुतणीनं गायीचं दूध वासराचं असतं वगैरे समजावून सांगितलं. सासूबाईंनी जन्मभर गुरं सांभाळलेली. "वासराले पाजूनच धार काढत होतो आम्ही."

"आजी, आता दूध पिशवीतून येतं."

यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. पण जेवणानंतर पुतणीनं बी-12 ची गोळी काढली, कारण ते भाजीपाल्यातून मिळत नाही, आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. "पाहा! गोळी लागते ना? माह्या तुपाले काय झालं होतं?" तुपातून बी-12 फारसं मिळत नाही, हे सांगायची हिंमत आमच्या दोघींतही नव्हती.

शेजारणी वेगळ्याच. रोज एक जण येऊन दबक्या आवाजात विचारायची, "पोरीले पथ्य कशाचं?" एकीनं तर सुचवलं, पूर्ण बरी झाली की मगच स्थळं बघा.

सगळ्यात अवघड चहा. आमच्याकडे कोरा चहा एक तर पोट बिघडलेल्याला देतात, नाहीतर मयताच्या घरी पितात. पुतणी सकाळी अंगणात बसून कोरा चहा घ्यायला लागली आणि रस्त्यानं जाणारे थबकून घरातली माणसं मोजायला लागले.

पुतणी पुण्याला गेली, जाताना पिशवीभर वांगी नेली. सासूबाई मात्र त्यातून एक गोष्ट पक्की शिकल्या. दूरचे एक नातलग आहेत, दुपारी येतात ते दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. परवा ते दारात दिसताच सासूबाईंनी आतल्या खोलीतून मला आवाज दिला, "अवं, पाहुण्यायले तो व्हीगन चहा टाक बरं."