न्हावी वस्तरा परत धोकटीत ठेवतो तेव्हा

गेल्या आठवड्यात रात्रीच्या मालिकेत एक प्रसंग दाखवला. एकोणिसाव्या शतकातला वाडा, नुकतीच विधवा झालेली पोर मागच्या पडवीत बसवलेली. तिचं डोकं भादरायला न्हावी येतो, वस्तरा काढतो, तिच्याकडे बघतो आणि वस्तरा परत धोकटीत ठेवतो. "माझ्याच्यानं व्हायचं नाही," एवढंच म्हणून निघून जातो.

जाहिराती संपायच्या आत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं. "त्या काळी न्हाव्याची काय टाप होती?" "आजचे विचार जुन्या कपड्यांत घुसवलेत." "आपल्या रीतीभातींची बदनामी चाललीय." दुसऱ्या दिवशी लोकलच्या लेडीज डब्यातही तोच विषय. कॉलेजच्या मुलींना प्रसंग प्रचंड आवडला होता, पण त्यांचंही म्हणणं तेच: लेखकानं आजचं काहीतरी मस्त लिहिलंय. म्हणजे चिडलेले आणि खूश झालेले, दोघांनाही वाटतंय की हे तेव्हा घडणं शक्यच नव्हतं.

घडलं होतं. आणि आपल्याच मुंबईत घडलं होतं. 1890 साली इथल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन करायचं नाही. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, गिरणी कामगारांचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे सहकारी. रविवारची सुट्टी ज्यांच्या लढ्यामुळे मिळाली तेच. आपण रविवारी आरामात टीव्ही बघतो तो त्यांच्यामुळे, आणि त्यांच्याच काळातली गोष्ट आपल्याला खोटी वाटते, याचं मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायला घरचंही कारण आहे. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत आजोबांच्या थोरल्या वहिनी होत्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या. मी पाहिलं तेव्हा ऐंशीच्या पुढच्या, अंगावर लाल आलवण, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. दर पंधरा दिवसांनी मागच्या गॅलरीत न्हावी यायचा आणि आम्हा पोरांना आत पिटाळलं जायचं. एकदा मी दाराच्या फटीतून पाहिलं. माई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पितळेच्या वाटीत पाणी, आणि वस्तऱ्याचा तो खर्र खर्र आवाज. केस असे काही नव्हतेच, पांढरी खुंटं. तो गेला की माई गॅलरी स्वतः धुवायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. हे 1979 साल. लोखंड्यांच्या त्या सभेला तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती.

म्हणून "त्या काळी असं नव्हतं" हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कोणाच्या त्या काळी? रखमाबाईंचंच बघा. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884 मध्ये नवरा मुंबई हायकोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला. नवऱ्यानं अपील केलं आणि 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या! टिळकांसारखा माणूस विरोधात लिहीत होता, तरीही. शेवटी 1888 मध्ये 2000 रुपयांवर तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. नाव न घेता ही गोष्ट मालिकेत घातली तर आमचा ग्रुप एका सुरात म्हणेल, ही आजची मुलगी आहे.

त्यांच्या आई जयंतीबाई विधवा होत्या आणि त्यांचं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न झालं होतं. सुतार समाजात ते चालायचं. कितीतरी जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेनं पुन्हा लग्न करायची, रीत 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याच्या आधीपासूनच होती. वाड्यातल्या चार घरांचे नियम आपण अख्ख्या महाराष्ट्राचा भूतकाळ समजून बसलोय, आणि मालिकांनीच ती सवय लावलीय.

माझी तक्रार आहे ती इथे. प्रसंग खरा होता, पण न्हावी दाराबाहेर गेला आणि कॅमेरा लगेच मुंबईला शिकून आलेल्या दिराकडे वळला. पुढची दहा मिनिटं तोच बोलला. संगीत वाढलं, सासूच्या डोळ्यांत पाणी आलं, भाग संपेपर्यंत घर सुधारलं. अहो, माईंच्या घरात सत्तर वर्षांत कोणी सुधारलं नाही! आणि ज्यानं खरी हिंमत केली त्या न्हाव्याला मालिकेनं नावसुद्धा दिलं नाही.

मला पुढच्या भागात तो त्याच्या घरी गेलेला बघायचाय. वाड्यातलं काम गेलं, बलुतं बंद होणार, हे त्यानं बायकोला कसं सांगितलं? ती चिडली का? त्याच्या भाऊबंदांपैकी कोण त्याच्या बाजूनं उभं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावर कोणाला बोलावणं गेलं?