किल्ली माझ्याच जुडग्यात होती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन दिवस उत्तर लिहवलं नाही.

मागच्या लेखात मी सोलापुरातल्या आमच्या वसतिगृहात रेक्टर, म्हणजे प्रमुख, म्हणून काढलेल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. संध्याकाळचा परवचा, एका पंगतीतलं जेवण, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हात धरून नेलेली रांग. त्यावर तुम्ही लिहिलंत : "बाई, तुम्ही ऑफिसच्या खिडकीतून बघितलंत. मी पाचवी ते दहावी सोलापुरातच बोर्डिंगात काढली. दीडशे पोरांत एकटा होतो. तक्रारपेटी होती, पण किल्ली रेक्टरकडे. ही बोर्डिंगं बंदच करायला हवीत. तुमचं नातवंड ठेवाल का तिथं?"

किल्लीचं आधी बोलते, कारण त्यात तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. आमचीही पेटी होती, जेवणघराच्या दाराशी, आणि किल्ली माझ्या जुडग्यात. वर्षानुवर्षं तिच्यातून निघायचं काय, तर आमटीत मीठ जास्त, मधल्या खोलीतला पंखा बंद. चिठ्ठ्या कमी म्हणजे मुलं सुखात आहेत, असंच मी धरून चालले. मुलांचा हिशेब साधा होता. ज्या बाई उशिरा उठलं की मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, त्यांच्याच हातात आपलं अक्षर कोण देईल? रविवारचा फोनही माझ्याच टेबलावर असायचा. मी समोर हजेरीपट भरत बसलेली, आणि पोर आईला म्हणतंय, "बरं हाय, जेवलो." हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

अक्कलकोटकडचा एक मुलगा पाचवीला आला होता. घरी कन्नड, मराठी शाळेपुरती. पहिल्या महिन्यात रात्री अंथरूण ओलं व्हायचं. आपली सोलापुरी चादर किती जाड, तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात ती दोन दोन दिवस वाळत नाही. हा पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ओली चादर घडी घालून ट्रंकेत ठेवायचा, वर वह्या रचायचा, आणि रात्री तीच दमट चादर परत अंगावर घ्यायचा. वह्यांची पानं फुगली, शाई पसरली. गुरुजींनी वही खराब केली म्हणून त्याला उभं केलं. मी त्या वहीवर सहीसुद्धा केली आहे.

मला कळलं ते एका पहाटे स्वयंपाकघरात गेले तेव्हा. चुलीशेजारी दोरीवर चादर, खाली हा बसलेला, आणि भाकरी थापता थापता मावशी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या. त्यांना तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमाला सांगितलं असतं तर त्यानं मला पुन्हा काय सांगितलं नसतं."

त्या दिवसापासून माझं मत बनलं ते आजही तेच आहे. शिक्षा करणारा माणूस आणि ऐकून घेणारा माणूस एकच असता कामा नये. एका छताखाली शंभर मुलं झोपली, एका पंगतीत जेवली, म्हणून त्यांची काळजी घेतली जाते असं होत नाही. मूल रात्री कोणाला उठवू शकतं, त्यावर सगळं आहे. मागच्या लेखात मी पंगतीबद्दल भरभरून लिहिलं आणि हे लिहिलंच नाही. तुमचा राग रास्त आहे.

नंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. जादा चादरी स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवल्या, न विचारता घ्यायच्या, नोंद नाही. पेटीची किल्ली पालकांपैकी एका आईकडे दिली. फोन व्हरांड्यात नेला. दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक नेमला, ज्याला त्या मुलांना शिक्षा करायचा अधिकारच नव्हता. तशीही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी आहे, पण कायदा वसतिगृहाच्या जिन्यापर्यंत पोचायला कोणीतरी लागतं. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवला होता. फोन मुलाच्या हाताशी नसेल तर त्या आकड्यांचा उपयोग काय?

यातही एक अवघड जागा आहे. "कोणाला सांगू नका" असं मूल म्हणालं, आणि गोष्ट अंगाला हात लावण्याची असेल, तर मोठ्या माणसाला गप्प बसता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं सक्तीचं केलं आहे. म्हणून ऐकणाऱ्यानं आधीच सांगायचं : तुला धोका असेल तर मी पुढे सांगणार, पण तुला सांगून. खोटं वचन दिलं की मूल दुसऱ्यांदा फसतं.

पण "बंदच करा" इथं मी तुमच्याबरोबर नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली बोर्डिंग काढलं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली याच सोलापुरात वसतिगृह उघडलं. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती, जातीमुळे तर नाहीच नाही. आज जात विचारण्याची पद्धत बदलली असेल, पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आईबाप मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. ते मूल बरोबर गेलं की कोयता आणि धाकटं भावंड त्याच्या वाट्याला येतं. त्या आईला मी "मूल जवळ ठेव" कोणत्या तोंडानं सांगू?

आणि चांगलंही होतंच, ते मी मागे घेणार नाही. रविवारी भेटायला आलेली माणसं कडक भाकरी, शेंगाची चटणी बांधून आणायची. ज्यांचं कोणी आलं नाही त्यांच्या ट्रंकेवर संध्याकाळी अर्धी अर्धी भाकरी ठेवलेली असायची. आम्ही कोणीच हे शिकवलं नव्हतं. ठेवणारा कोण, हे पोरं एकमेकांनाही सांगत नसत.

नातवंडाचं विचारलंत. पाचवीत नाही ठेवणार. आठवीत, तिची स्वतःची इच्छा असेल तर, ठेवीन. त्याआधी न कळवता जेवणाच्या वेळी तिथं जाईन, सगळ्यांत लहान मुलाशेजारी बसेन, आणि विचारीन, रात्री पोटात दुखलं तर तू कोणाचं दार वाजवतोस?